परसात सूर्यफूल: गोव्याच्या तांबड्या मातीत कधी आणि कसं लावावं?

डिचोलीचा_परस

नमस्कार मंडळी. घर डिचोली तालुक्यात. पुढे पूर्वेला अंगण, मागे पश्चिमेला परस. माती तांबडी, हातभर खणलं की जांभा दगड लागतो. येत्या हंगामात काही सूर्यफुलं जमिनीत आणि काही कुंड्यांत लावायची आहेत. गेल्या मोसमातल्या चार गोष्टींची कारणं हवी आहेत.

अंगणातली फुलं सोप्यावरून (ओसरीवरून) बघितली तर सगळ्यांची पाठच दिसते. झाडं कमरेएवढी झाली की वाऱ्याने मुळासकट कलतात. पाकिटावर सहा फूट लिहिलेली जात अडीच फुटांवरच फुलली. आणि फुलाचं तबक चांगलं मोठं होऊनही आतले दाणे पोचट. पेरणी नेमकी कधी करावी, मातीत काय आणि किती घालावं, दाणे भरावेत म्हणून काय करावं? पुढच्या वर्षासाठी बी घरीच राखायचं आहे, त्याबद्दलही सांगा.

माती_आणि_मुळं

पेरणी पाऊस पूर्ण गेल्यावर. मुळाशी दोन दिवस पाणी साचलेलं सूर्यफूल सावरत नाही, आणि ऑक्टोबरात आपल्याकडे संध्याकाळचा गडगडाटी पाऊस अजून होत असतो. दिवाळी उलटली की बी टाका, म्हणजे संक्रांतीच्या आसपास फूल येतं. तुळशीच्या लग्नापासून डिसेंबरअखेरपर्यंत पंधरा-पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरलं तर शिगम्यापर्यंत (होळीपर्यंत) फुलं मिळतात. जानेवारी लागल्यावर पेरू नका. दाणे भरायची वेळ मार्च-एप्रिलच्या उकाड्यात येते आणि पाणी पुरवता पुरवत नाही. नदीकाठच्या, खाजनालगतच्या (खाडीकाठी बांध घातलेल्या शेतांलगतच्या) विहिरींचं पाणी तोवर मचूळ व्हायला लागतं. तुम्ही आत आहात, तुम्हाला ती अडचण नसावी, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला असेल.

आता झाडं का कलतात ते. सूर्यफुलाला सोटमूळ असतं आणि मोकळ्या मातीत ते मीटरभर सहज खाली जातं. तुमच्याकडे हातभरावर जांभा. मूळ तिथे अडतं आणि आडवं पसरतं. वर जड तबक, खाली उथळ मूळ, त्यात दुपारचा वारा. यावर काठी हा अर्धाच उपाय. खरा उपाय म्हणजे वाफा उंच करणं. चिऱ्यांचे दोन थर आडवे रचून चौकट करा, तळाचा कातळ पहारीने जमेल तितका फोडा आणि आत माती भरा. एकूण दीड-दोन फूट भुसभुशीत माती मिळाली की पुरे. झाड महिन्याचं झालं की बुंध्याला चार बोटं मातीची भर द्या. बुंध्यातून वरच्या अंगाला नवी मुळं फुटतात.

काठी लावायचीच असेल तर बी टाकतानाच रोवून ठेवा, नंतर ठोकली तर मुळं तुटतात. बांधायला सुंभ घ्या, काठी आणि खोड यांच्यामध्ये आठच्या आकड्यासारखा सैल वेढा द्या. प्लास्टिकची सुतळी वाऱ्यात खोड कापते.

मातीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गोव्यात निम्मं यश तिथेच ठरतं. एवढा पाऊस पडतो की मातीतला चुना दर वर्षी धुऊन जातो आणि माती आंबट राहते. सामू (पीएच) पाच-साडेपाच भरणं नेहमीचंच. सूर्यफुलाला तो सहा ते साडेसात लागतो. पेरणीच्या तीन आठवडे आधी चौरस मीटरला २०० ग्रॅम डोलोमाइट मातीत मिसळा आणि ओल ठेवा. डोलोमाइटमधून चुन्याबरोबर मॅग्नेशियमही मिळतं. पेरणीच्या वेळी त्याच जागेत चौरस मीटरला ४ ते ५ किलो चांगलं कुजलेलं शेणखत. चुना आणि ताजं शेण एकत्र टाकू नका, नत्र (नायट्रोजन) वायू होऊन उडून जातं. चुलीची राख चालते, तीही आंबटपणा मारते आणि पालाश (पोटॅश) देते, पण युरियाबरोबर नको.

तांबड्या मातीत आणखी एक अडचण आहे. तिच्यातलं लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतं, झाडाला मिळू देत नाही. म्हणून सुपर फॉस्फेट वाफाभर फेकू नका. प्रत्येक बियाच्या जागी, बियाच्या खाली तीन-चार बोटांवर, दोन लहान चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम, मूठभर शेणखतात कालवून घाला. सुपर फॉस्फेटमध्ये गंधकही असतं आणि तेलबियांच्या झाडाला ते हवंच असतं.

चुना मात्र मोजूनच. चुना जास्त झाला की बोरॉन मिळेनासं होतं, आणि बोरॉन कमी पडलं की दाणे पोचट. शक्य असेल तर जुन्या गोव्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात आधी माती तपासून घ्या, म्हणजे चुना अंदाजपंचे पडणार नाही.

बी ३ ते ४ सेंटिमीटर खोल, एका जागी दोन. दोन झाडांत एक फूट, दोन ओळींत दोन फूट. आठवड्यात उगवतं. चार पानं आली की सशक्त रोप ठेवा आणि दुसरं कात्रीने बुंध्याशी कापा. उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात. ट्रेमध्ये रोपं करून लावण्याच्या भानगडीत पडू नका. सोटमूळ दुखावलं की झाड कायमचं खुजं राहतं.

उगवतीकडे

पाठ का दिसते, ते सांगतो. सूर्याबरोबर फिरतं ते कोवळं झाड आणि कळी. दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते म्हणून शेंडा पश्चिमेला वळतो, रात्री पश्चिमेची बाजू वाढते आणि तो परत उगवतीकडे येतो. खोडाची वाढ थांबली की फिरणंही थांबतं, आणि फूल पूर्वेकडे तोंड करून स्थिरावतं. उमललेलं सूर्यफूल दिवसभर फिरत नसतं.

तुमचं अंगण घराच्या पूर्वेला आहे. म्हणजे सोप्यावर बसणारा फुलांच्या पश्चिमेला असतो आणि त्याला पाठच दिसणार. तीच झाडं मागच्या परसात, पश्चिमेच्या कुंपणालगत लावा. मग सगळी फुलं घराकडे बघतील. फक्त घरापासून चार-पाच मीटर लांब, नाहीतर सकाळचं ऊन घराच्या सावलीत जाईल. दिवसाला सहा तास तरी थेट ऊन हवं. माडांच्या झिरझिरीत सावलीत झाड उंच, काटकुळं होतं आणि तबक छोटं राहतं.

उत्तरेची बाजू निवडणाऱ्यांनी आणखी एक बघावं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. ४ मीटर उंच घराची भर दुपारची सावलीसुद्धा उत्तरेकडे ३ मीटरच्या पुढे पडते. एप्रिलात जिथे रखरखीत ऊन दिसतं तिथे डिसेंबरात दिवसभर सावली असू शकते. जागा नोव्हेंबरातच बघून ठरवा.

कुंडीतल्या झाडांची सोय सोपी. पाकळ्या पूर्ण उघडून फूल स्थिरावलं की कुंडी हवी तशी वळवा, फूल तसंच राहतं. त्याआधी वळवली तर झाड दोन-तीन दिवसांत पुन्हा आपली दिशा धरतं. पण बी धरायचं असेल तर पूर्व सोडू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१६ साली कुंड्या उलट्या वळवून हे तपासलं होतं. पूर्वेकडे तोंड असलेलं फूल सकाळी लवकर तापतं, आणि त्याच्यावर पश्चिमेकडे वळवलेल्या फुलापेक्षा पाचपट परागवाहक कीटक आले.

अडीच फुटांवर फुलण्याचं कारण बहुतेक दिवसाची लांबी. पाकिटावरची उंची थंड देशांतल्या उन्हाळ्यातली असते, तिथे दिवस पंधरा-सोळा तासांचा. आपल्याकडे डिसेंबरात तो सव्वाअकरा तासांच्या आसपास. काही जाती दिवस लहान दिसला की लवकर कळी धरतात, आणि कळी धरली की उंची थांबते. यात खत कमी पडलं असं समजून युरिया ओतू नका. नत्र जास्त झालं की पानं माजतात, खोड पोकळ आणि लेचंपेचं होतं. पाकिटावर दिवसाच्या लांबीचा परिणाम होत नाही असं लिहिलेलं असेल ती जात घ्या. किंवा कमी उंची मान्य करून झाडं थोडी जवळ लावा, नऊ इंचांवर. वाफा भरगच्च दिसतो.

सातेरी

पोचट दाण्यांबद्दल. आधी तबक फोडून नीट बघा. अगदी मधले थोडेच दाणे रिकामे असतील तर ते नेहमीचं आहे, बाहेरचे दाणे आधी भरतात आणि मधल्यांना अन्न उरत नाही. कोवळी पानं जाड, वाकडी, तांबूस आणि तबक वेडंवाकडं किंवा तडकलेलं असेल तर बोरॉनची कमतरता. पानं ठणठणीत, तबक गोल आणि तरीही सगळीकडे टरफलंच असतील तर परागीभवन झालेलं नाही.

सूर्यफुलाचं एक तबक म्हणजे शेकडो बारीक फुलं. ती बाहेरून आत, रोज एक-दोन-तीन वर्तुळं अशी आठवडा-दहा दिवस उमलत जातात. प्रत्येक फुलात आधी पराग येतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतं, आणि बऱ्याच जातींत स्वतःच्या परागाने दाणा धरत नाही. म्हणून एकटं-दुकटं झाड लावून बी मिळत नाही. एकाच दिवशी पेरलेली किमान सहा झाडं एका जागी हवीत.

सातेरी किंवा फुलोरी मधमाशा येत असतील तर काम त्याच करतात. सकाळी नऊच्या सुमारास पाच मिनिटं वाफ्यापाशी उभं राहा. एकही माशी दिसली नाही तर हात लावावा लागेल. हाताला धुतलेलं तलम सुती कापड गुंडाळा, एका तबकावरून हलकेच गोल फिरवा, मग तोच हात दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, आणि परत पहिल्यावर. दाबायचं नाही, नुसतं घासटायचं. दिवसाआड, फूल उमलायला लागल्यापासून आठवडाभर. पुस्तकात वेळ सकाळी ७ ते ११ दिलेली असते. आपल्याकडे जानेवारीत दंव फार पडतं आणि ओला पराग गोळा होऊन कापडालाच चिकटतो, म्हणून तबक सुकल्यावर, आठनंतर सुरू करा.

बोरॉनसाठी बाहेरच्या पिवळ्या पाकळ्या उघडायला लागल्या की बोरॅक्सची एक फवारणी, लिटरला २ ग्रॅम. बोरॅक्स थंड पाण्यात नीट विरघळत नाही. आधी कपभर कोमट पाण्यात विरघळवा, मग बाकीचं पाणी मिसळा. फवारणी संध्याकाळी. मातीतून द्यायचं तर पेरणीच्या वेळी चौरस मीटरला फक्त १ ग्रॅम, वाळूत कालवून. त्याहून जास्त झालं की पानांच्या कडा करपतात आणि पुढच्या भाजीलाही बाधतं. बोरॉनची गरज आणि विष यांत अंतर फार थोडं आहे, चमच्याने अंदाज घेऊ नका.

फुलोऱ्यात कीटकनाशक नको. कडुनिंबाचं तेलसुद्धा मावळतीनंतर.

पाकळ्या वाळल्या की कीर (पोपट) आलेच समजा. थव्याने आले तर एका सकाळी तबक साफ. त्याआधीच प्रत्येक तबकाला मलमलीची किंवा जुन्या धोतराची पिशवी चढवा आणि देठाशी सैल बांधा. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, आत घाम धरतो आणि दाण्यांना बुरशी येते. सत्तरी-सांगे तालुक्यांच्या बाजूला माकडांचा उपद्रव असतो. तिथे पिशवी टिकत नाही, तबकं जरा लवकर काढून घरात वाळवावी लागतात.

गच्चीवर_बाग

कुंडीबद्दल थोडक्यात. बुटक्या जातीला निदान १२ इंची कुंडी, उंच जातीला १५ × १५ इंचांची ग्रो बॅग, आणि एकात एकच झाड. मिश्रण: दोन भाग गाळलेली तांबडी माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग धुतलेला कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), आणि दहा लिटर मिश्रणाला एक मोठा चमचा डोलोमाइट. कोकोपीट न धुता वापरला तर त्यातल्या क्षारांनी कोवळ्या पानांच्या कडा जळतात. कळी दिसल्यापासून दाणे भरेपर्यंत पाणी चुकवायचं नाही. एका मोठ्या ग्रो बॅगला दिवसाला दीड-दोन लिटर लागतं. एकदा झाड माना टाकून पडलं की तबकाचा आकार तिथेच अडतो. पाणी बुंध्याशी द्या, संध्याकाळी पानांवर शिंपडू नका. दंवात भर पडते आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते. भुरी आलीच तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, कोवळ्या उन्हात.

जातींचं म्हणाल तर कुंडीला टेडी बेअर, गेंदेदार आणि ठेंगणी. फुलदाणीसाठी प्रोकट, तिच्यात पराग नसतो म्हणून टेबलावर सांडत नाही, पण बी हवं तर जवळ पराग असलेली जात लावावी लागते. बी राखायचं असेल तर संकरित सोडा. पुढच्या पिढीत उंची, रंग, दिवस सगळं विस्कटतं. मॉर्डन ही सरळ वाणाची जात आहे, कमरेएवढी होते आणि ८०-८५ दिवसांत तयार होते. तुमच्या उथळ मातीलाही ती मानवेल.

शेंडा खुडण्याबद्दल नेहमी विचारतात. फांद्या फुटणाऱ्या जातीचाच खुडायचा, तीन-चार पानांच्या जोड्या आल्यावर. एकदांडी जातीचा शेंडा खुडला की ते फूल गेलंच.

उगवणीच्या दिवसांत मुंग्या, उंदीर आणि आफ्रिकन गोगलगाई हे तिघे बघा. बी टाकल्यावर प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती टोपीसारखी रोवा, झाकण काढून. दुसरी पानजोडी आली की उचला. गोगलगाईंसाठी संध्याकाळी ओलं गोणपाट अंथरून त्याखाली पपईची पानं ठेवा, सकाळी त्या खालीच सापडतात. हातमोजे घालून मिठाच्या पाण्यात टाका. उघड्या हाताने धरू नका, त्यांच्यात माणसाला अपायकारक जंत असतात.

डिचोलीचा_परस

सर्वांचे आभार. वाफा मागच्या परसात, कुंपणाकडे घेतो. कुंपणापलीकडे पडीक जागा आहे, तिथे गाजरगवत माजलंय. गेल्या मोसमात दोन झाडांचे शेंडे पिळवटले होते, पानांच्या शिरांपाशी काळे डाग होते आणि कळी उघडलीच नाही. त्याचा संबंध आहे का? आणि बियांचं राहिलं.

माती_आणि_मुळं

संबंध आहे. हे वर्णन नेक्रोसिसचं वाटतं, शेंडेमर म्हणा. विषाणू आहे. गाजरगवतात तो कोणतंही लक्षण न दाखवता राहतो आणि त्याच्या परागाबरोबर फुलकिड्यांमार्फत सूर्यफुलावर येतो. झाडाला लागल्यावर औषध नाही. पिळवटलेलं झाड दिसलं त्याच दिवशी उपटून जाळा किंवा खोल पुरा. गाजरगवत पांढरी फुलं यायच्या आत, पेरणीआधीच मुळासकट काढा, तेही हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, कारण अंगाला खाज सुटते. वाफ्याच्या त्या बाजूला आधी पंधरा दिवस मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन दाट ओळी लावा, फुलकिडे त्यात अडतात. वाफ्यात निळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याच्या उंचीला टांगा आणि झाड वाढेल तसे वर सरकवा.

पुढच्या वर्षी त्याच जागी सूर्यफूल नको, खोडकूज मातीत टिकून राहते. तिथे अळसांदे (चवळी) किंवा वाल घ्या. आणि सोललेली टरफलं वाफ्यात टाकू नका, त्यांच्यामुळे बारीक बियांची उगवण अडते.

सातेरी

बियांचं मी लिहितो. तबकाची मागची बाजू हिरवी असताना काढू नका. ती लिंबासारखी पिवळी होऊन कडेने तपकिरी पडायला लागली की फूटभर दांड्यासकट कापा आणि वाऱ्याच्या जागी उलटं टांगा. स्वयंपाकघरात नको, तिथली वाफ लागते. आठवड्याने दोन तबकं एकमेकांवर घासा, दाणे सुटतात. कडेच्या तीन-चार वर्तुळांतले टपोरे दाणेच बियाण्याला घ्या, मधले खायला. सुपात पसरून तीन-चार दिवस सकाळचं ऊन द्या, रात्री आत घ्या. दाणा नखाने वाकवला तर वाकता कामा नये, कट्कन मोडला पाहिजे.

ताजं बी लगेच पेरलं तर उगवत नाही, महिना-दीड महिना ते झोपलेलं असतं. तुम्हाला ते ऑक्टोबरपर्यंत ठेवायचं आहे, त्यामुळे ही अडचण नाही. अडचण मधल्या पावसाळ्याची. कापडी पिशवीत किंवा कागदी पुडीत ठेवलेलं बी जुलैत दमट होतं आणि गणेश चवथीपर्यंत खवट. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत तळाला दोन बोटं कोरडी, चाळलेली राख किंवा सिलिका जेलच्या पुड्या, वर कागद, त्यावर बी. बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. काढाल तेव्हा ती खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर आत दंव धरतं.

पेरणीच्या दहा दिवस आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि फडकं सुकू देऊ नका. आठवड्यात आठ-नऊंना मोड आले तर एका जागी दोन बिया पुरेत. पाच-सहाच आले तर तीन टाका. त्याहून कमी आले तर ते बी सोडून नवं आणा, तेवढ्याला दिवस हाताशी असतात.